उधारीच्या वहीशेजारची दुसरी वही

समुद्रपूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य भाग असा:

«आम्ही दोघी जावा मिळून घरच्या आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या हळदीची पूड, वर्षाचे तिखट, मुंगवड्या, सरगुंडे आणि ज्वारीचे पापड करून विकतो. माल चांगला आहे, असे सगळेच म्हणतात. मागच्या वर्षी आम्ही चार फ्लेक्स लावले, दोन हजार पत्रके वाटली, पुतण्याने फेसबुकवर जाहिरात केली आणि नवरात्रात जिल्ह्याच्या ठिकाणी पाच दिवस स्टॉल लावला. सगळे मिळून साडेअठरा हजार रुपये गेले. स्टॉलवर ११४ लोकांनी नंबर लिहून दिले. दिवाळीआधी पुतण्याने त्या सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवला, तर जेमतेम चार उत्तरे आली. ती वहीही आता सापडत नाही. नागपूरच्या एका बाईंनी पाच किलो हळद सांगितली होती, ती पाठवायची राहून गेली. लेबलवर पुतण्याचा नंबर आहे आणि तो येत्या जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला चालला आहे. नागपूरची एक एजन्सी महिना आठ हजारांत सगळे मार्केटिंग बघते म्हणते. यजमान म्हणतात, माल चांगला असला की गिऱ्हाईक घर विचारत येते, वह्या कशाला रंगवायच्या? फ्लेक्स, पत्रक आणि पाकीट यांचे फोटो सोबत पाठवत आहे. काय करावे?»

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. साडेअठरा हजार कुठे गेले हे तुम्हाला नेमके ठाऊक आहे. परंतु त्या साडेअठरा हजारांमुळे दारात कोण आले, याविषयी पत्रात एक ओळही नाही. चार फ्लेक्सपैकी एखाद्याने तरी गिऱ्हाईक आणले का, पत्रक वाचून कोणी फोन केला का, स्टॉलवरून अर्धा किलो हळद नेणाऱ्याने पुन्हा माल मागवला का, यांपैकी कशाचेही उत्तर तुमच्याजवळ नाही. आणि ते नसल्यामुळेच येत्या दिवाळीला तुम्ही हे चारही खर्च पुन्हा कराल, नाहीतर वैतागून चारही बंद कराल. दोन्ही निर्णय अंदाजपंचेच होतील. तुमच्या जाहिरातीत पैसा कमी पडला नाही आणि मेहनत तर नाहीच नाही. जे केले ते लिहून ठेवण्यात तुम्ही कमी पडलात.

तुमच्या घरी उधारीची वही असणारच. आपल्याकडचे लहानात लहान किराणा दुकान घ्या, गल्ल्याखालच्या खणात ती वही असते आणि कोणाच्या घरचे पोर कोणत्या तारखेला पाव किलो साखर घेऊन गेले, हे तीत लिहिलेले असते. कापूस विकला गेला की आधी कोणाकडे जायचे, हे दुकानदार त्या वहीवरूनच ठरवतो. पैसे बुडू नयेत म्हणून आपण जितके दक्ष असतो, तितके गिऱ्हाईक बुडू नये म्हणून नसतो. रोखीने माल घेऊन, समाधानाने घरी गेलेले माणूस कोणत्याच वहीत नसते, कारण त्याच्याकडून आपले काही येणे नसते. तुम्हाला लिहायची आहेत ती नेमकी हीच माणसे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. काही वर्षे माझी जवसाच्या तेलाची घाणी होती. फोन करणाऱ्याचे नाव आणि नंबर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहीत असे, आणि ही पद्धत किती सोयीची आहे हे चारचौघांत सांगतही असे. जानेवारीत नवे कॅलेंडर टांगले गेले. जूनअखेर शाळा उघडल्यावर मला आदल्या मार्चमधला एक मोठा गिऱ्हाईक आठवला, ज्याने दिवाळीसाठी दोन डबे तेल लागेल असे सांगितले होते आणि ज्याच्याकडे मी दिवाळीत फिरकलोच नव्हतो. कॅलेंडर शोधले, तेव्हा मार्च महिना धाकट्याच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकाचे कव्हर होऊन चौथीच्या वर्गात जाऊन बसला होता. आकड्यांवरून डिंक फिरला होता. त्या दोन डब्यांचे गिऱ्हाईक मला पुन्हा कधीच मिळाले नाही.

म्हणून सांगतो, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची एक वही आणा आणि ती उधारीच्या वहीशेजारी ठेवा; दोन्हींची सरमिसळ मात्र करू नका. आडव्या पानावर सात रकाने आखा: तारीख, नाव, गाव, फोन, काय व किती नेले, आपले नाव कुठून कळले, आणि पुन्हा केव्हा विचारायचे. उदाहरणादाखल एक ओळ अशी दिसेल: १२ ऑक्टोबर, शिक्षिका, वरोरा, त्यांचा फोन, हळद १ किलो व तिखट अर्धा किलो, जामच्या चौकातला फ्लेक्स पाहून, मार्चमध्ये नवे तिखट आल्यावर. ही ओळ लिहायला एक मिनिट लागते. घाईच्या वेळी नाव आणि फोन एवढेच लिहिले तरी चालेल, उरलेले त्याच संध्याकाळी भरा. दुसऱ्या दिवसावर ढकललेली ओळ सहसा भरली जात नाही.

या सात रकान्यांतला सहावा सर्वांत मोलाचा आहे आणि तोच भरायला सर्वांत अवघड. «आमचे नाव कुठून कळले?» असे विचारले की आपल्याकडचा माणूस «असंच कळलं» म्हणतो आणि विषय संपतो. म्हणून प्रश्न जरा फिरवून विचारा: कोणाकडे खाऊन पाहिली का, कोणी सांगितले का, रस्त्याने येताना पाटी दिसली का? मग माणूस बोलू लागतो. माझा अंदाज असा आहे की दोन महिन्यांनी तो रकाना वरून खाली वाचाल, तेव्हा फ्लेक्स आणि फेसबुक यांच्यापेक्षा माणसांची नावे अधिक सापडतील, आणि त्यांतही आठ-दहा नावे पुन्हापुन्हा येतील. एखादी अंगणवाडी सेविका असेल, तालुक्याहून ये-जा करणारे एखादे गुरुजी असतील, नाहीतर नागपूरला दिलेली आणि दर सणाला माहेरी येणारी गावातलीच लेक असेल. ही माणसे एक पैसाही न घेता तुमची जाहिरात करत आहेत आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. त्यांच्या नावांखाली लाल शाईने रेघ ओढा. नवी हळद दळली की पहिले पाव किलोचे पाकीट त्यांच्या घरी जाऊ द्या, आणि कशाबद्दल देत आहोत तेही मोकळेपणाने सांगा. चार फ्लेक्सच्या पैशांत अशी किती पाकिटे निघतील, याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल.

याचा अर्थ फ्लेक्स वाईट, असा नव्हे. जामच्या चौकात नागपूर–हैदराबाद रस्ता आणि चंद्रपूरकडे जाणारा रस्ता एकत्र येतात, तिथे वाहने थांबतात, माणसे चहा पितात; तिथला फ्लेक्स कदाचित आपला खर्च वसूल करत असेल, आणि तुमच्याच गावच्या वेशीवरचा फ्लेक्स, जिथे तुम्हाला सगळेच ओळखतात, तो केवळ घरच्यांच्या समाधानासाठी असेल. हे मी नागपुरातून सांगू शकत नाही आणि एजन्सीही सांगू शकणार नाही. सहावा रकाना सांगेल.

आता पुतण्याच्या नंबरकडे वळतो, कारण तिथे वेळ कमी आहे. उरलेल्या लेबलांवर नवा नंबर चिकटवावा, असे तुमच्या मनात येईल. परंतु पाकीटबंद मालावर जे तपशील छापणे बंधनकारक आहे, त्यांत ग्राहकाने संपर्क कुठे करावा हेही येते, आणि असे तपशील सुट्या स्टिकरने बदलणे वजनमापाच्या नियमांत बसत नाही. किंमत कमी करण्यापुरती तेवढी सूट आहे. लेबल बदलण्यापेक्षा सिमचा मालक बदलणे सोपे आहे. जो नंबर पाकिटांवरून शेकडो स्वयंपाकघरांत पोचला आहे, तो घरी राहू द्या आणि पुतण्याने पुण्यासाठी नवा नंबर घ्यावा. त्याला हे थोडे जड जाईल, कारण त्याचे बँक खाते, आधार आणि यूपीआय बहुधा त्याच नंबराला जोडलेले असेल. तेव्हा तो जाण्याआधी महिनाभर तरी हे काम सुरू करा. आधी त्याने आपले सगळे नव्या नंबरावर न्यावे, मग दोघांनी कागदपत्रे घेऊन मोबाईल कंपनीच्या केंद्रात जावे आणि सिम तुमच्या नावे करून घ्यावे. नंबर नुसता बंद पडू दिलात, तर काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्या कोणाला देते आणि तुमच्या हळदीची चौकशी करणारे फोन एखाद्या अनोळखी माणसाला जाऊ लागतात. याच कारणाने गिऱ्हाईक तुटलेले मी पाहिले आहे. वर्षभराने बाजारात भेटलेल्या एका आजीबाईंनी दुकानदाराला ऐकवले होते, «माल चांगला होता बापा, पण तुमचा फोनच नाही लागून राह्यला.»

एक खबरदारी याहूनही महत्त्वाची आहे. पुतण्याने आपले व्हॉट्सअ‍ॅप नव्या नंबरावर नेले की जुन्या नंबरावरचे सगळे बोलणे त्याच्याबरोबर जाईल. म्हणून त्याआधी एका संध्याकाळी त्याला शेजारी बसवा, दोन वर्षांतल्या चॅट खालून वर बघा आणि प्रत्येक गिऱ्हाईक वहीत उतरवून घ्या. तिथेच तुम्हाला आणखी एक गोष्ट सापडेल. स्टॉलवरची वही हरवली असली तरी ते ११४ नंबर हरवलेले नाहीत; पुतण्याने त्या सगळ्यांना मेसेज पाठवला होता, तर ते त्याच्या फोनमध्ये असणारच, बहुधा «स्टॉल १», «स्टॉल २» अशा नावांनी. खरी नावे गेली असतील, पण फोन करून ती पुन्हा विचारता येतात.

मग चारच उत्तरे का आली? लोकांना हळद आवडली नाही, असा अर्थ तुम्ही काढला असेल, तर तो घाईचा आहे. पुतण्याने मेसेज बहुधा ब्रॉडकास्ट यादी करून पाठवला असावा. त्या यादीचा नियम असा आहे की ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांना तो मिळतच नाही, आणि पाठवणाऱ्याला मात्र पाठवल्याचे समाधान मिळते. एका यादीत २५६ पर्यंत नंबर बसतात, त्यामुळे ११४ ना पाठवताना काही अडले नसेल आणि शंकाही आली नसेल. नवरात्रात धक्काबुक्कीत नंबर लिहून देणाऱ्यांपैकी किती जणांनी तुमचा नंबर जतन केला असेल? जवळपास कोणीच नाही. पुढच्या स्टॉलवर नंबर लिहून घेण्यापेक्षा समोरच्याला तिथल्या तिथे तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये «हळदवाल्या ताई» म्हणून जतन करायला लावा आणि एक मिस्ड कॉल द्यायला सांगा. मिस्ड कॉल आले त्या क्रमाने जाऊबाईंनी नावे वहीत उतरवावीत.

सिम तुमच्या हाती आले की त्यावर व्हॉट्सअ‍ॅपचे व्यवसायासाठीचे फुकट मिळणारे अ‍ॅप सुरू करा. दोन सिमच्या एकाच फोनमध्ये घरचे व्हॉट्सअ‍ॅप आणि दुकानाचे व्हॉट्सअ‍ॅप शेजारी शेजारी चालते. त्यात मालाची यादी किमतींसह लावता येते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगीत खूण देता येते: ऑर्डर आली, पैसे आले, माल गेला. नागपूरच्या बाईंची पाच किलो हळद नेमकी या खुणेअभावी राहिली. ती ऑर्डर पुतण्याने पाहिली असणार, त्याने «काकू पाठवतील» असे धरले असणार, आणि तुम्ही «त्याने सांगितले असते» असे धरले असणार. जुळणीसाठी हेच खाते चार फोनांपर्यंत जोडता येते, त्यामुळे जाऊबाईंच्या फोनवरही ते दिसू शकते. परंतु उत्तर कोणी द्यायचे हे मात्र ठरवून घ्या, नाहीतर एकाच गिऱ्हाइकाला दोघी दोन भाव सांगाल. माझे मत असे की बोलणे आणि ऑर्डर एकीने पाहावी, पॅकिंग आणि पाठवणी दुसरीने, आणि रात्री जेवणाआधी दोघींनी मिळून पाच मिनिटे वही आणि खुणा ताडून पाहाव्यात. पाच मिनिटांचा हा रिवाज मोडला की बाकीचे सगळे मोडते. नागपूरच्या बाईंना फोन नको. त्यांच्या पत्त्यावर अर्धा किलो नवी हळद आणि चार ओळींची चिठ्ठी पाठवा. ऑर्डर राहून गेली, चूक आमची आहे, इतकेच लिहा. पुन्हा ऑर्डर मागू नका.

तुमच्या फोटोंकडे येतो. तिन्ही फोटो टेबलावर शेजारी ठेवून पाहिले, तर ही एकाच घरची जाहिरात आहे, हे परक्याला ओळखता येणार नाही. उद्योगाच्या नावापुढे एका ठिकाणी «गृहउद्योग» आहे, दुसरीकडे «मसाले» आणि तिसरीकडे «फूड्स». फ्लेक्सवर यजमानांचा नंबर, पत्रकावर तुमचा, पाकिटावर पुतण्याचा. याहून गंभीर बाब म्हणजे फ्लेक्सवर «अस्सल वायगाव हळद», पत्रकावर «सेंद्रिय हळद» आणि पाकिटावर नुसती «घरगुती हळद पावडर» असे लिहिलेले आहे. तिन्ही खरे असू शकत नाही, आणि वाचणाऱ्याला निदान एक तरी खोटे वाटते. वायगावची हळद तुमच्याच तालुक्यातली. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते नाव आता कायद्याने राखलेले आहे. व्यापारात ते नाव आणि चिन्ह मिरवण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ज्या शेतकऱ्यांकडून तुम्ही हळकुंड घेता, त्यांच्यापैकी कोणाची अशी नोंदणी आहे का, हे आधी विचारा. आणि वायगावबाहेरची हळद त्यात मिसळत असाल, तर ते नाव आजच्या आज काढा. «सेंद्रिय» हा शब्दही प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय नको. «घरची आणि शेजारच्या शिवारातली हळद, घरीच निवडून दळलेली» हे वाक्य खरे आहे, आणि माझ्या दृष्टीने ते त्या दोन्ही शब्दांपेक्षा अधिक विश्वासाचे आहे.

यासाठी एक साधी फाईल करा. उद्योगाचे नाव कसे लिहायचे, प्रत्येक पदार्थाचे वर्णन कोणत्या शब्दांत करायचे, कोणता एकच नंबर द्यायचा, अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक कोणता, चालू किमती काय, हे सगळे एका कागदावर सुवाच्य लिहा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून त्यावर सह्या घ्या. सह्यांची गोष्ट तुम्हाला हसण्यासारखी वाटेल, पण पुतण्या उत्साहाच्या भरात «१०० टक्के ऑरगॅनिक» लिहून टाकतो तेव्हा हा कागद कामी येतो. छापखान्यात जाताना तो कागदच घेऊन जायचा, तोंडी काही सांगायचे नाही. छापून आलेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत, तारीख आणि खर्च मागे लिहून, त्याच फाईलमध्ये लावा.

आता वर्षाचे गणित. शहरातल्या दुकानांसाठी बनवलेली जाहिरातीची वेळापत्रके आपल्याकडे चालत नाहीत, कारण आपल्या गिऱ्हाइकाच्या हाती पैसा पगाराच्या तारखेला येत नाही. तो सोयाबीन विकल्यावर, कापसाचा पहिला वेचा गेल्यावर, तूर निघाल्यावर येतो. जून-जुलैत, पेरणीच्या दिवसांत, प्रत्येक घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. त्या वेळी पत्रके वाटणे म्हणजे भर पावसात वाळवण घालण्यासारखे आहे. त्याच महिन्यांत मात्र लेबल, फाईल, किमती आणि यादी ही घरात बसून करायची कामे उरकावीत. तिखटाची बोलणी जानेवारीपासून सुरू करा, कारण वर्षाचे तिखट घरोघरी उन्हाळ्याच्या आत भरले जाते. आणि मे महिना तर तुमच्यासाठी वेगळ्या कारणाने मोलाचा आहे. पुण्या-मुंबईला गेलेली गावची मुले त्या महिन्यात सुट्टीला येतात आणि जाताना पिशव्या भरून नेतात. त्यांचे शहरातले पत्ते आणि नंबर वहीत आले, तर दिवाळीला त्यांना पार्सल पाठवता येईल. आज ती माणसे येतात, नेतात आणि पुढच्या मेपर्यंत तुमच्या दृष्टीने नाहीशी होतात.

याच्याशीच फोटोंचा प्रश्न जोडलेला आहे. हळद खणून काढणे, कढईतून निघणारी वाफ, अंगणभर पसरलेली हळकुंडे, पॉलिशच्या ड्रमचा खडखडाट आणि सगळ्यांच्या पिवळ्या झालेल्या टाचा, हे सगळे जानेवारी ते मार्चमध्ये घडते. आणि जाहिरातीला हे चित्र लागते दिवाळीत, तेव्हा कढई मागच्या पडवीत उपडी पडलेली असते आणि पुतण्या कुठल्या तरी परक्या हळदीचा चकचकीत फोटो मोबाईलवरून उचलून लावतो. तुमच्या पत्रकावरचा फोटो तसाच आहे, हे मी पाहताक्षणी ओळखले. पुढच्या हंगामात आठवड्यातून एक दिवस ठरवून दहा फोटो काढा, आणि ते गॅलरीत सोडून न देता «हळद शिजवणे», «तिखट देठ खुडणे», «मुंगवड्या घालणे» अशा नावांच्या वेगळ्या अल्बमांत ठेवा. मजूर बायांचे चेहरे घेणार असाल, तर त्यांना आधी विचारा.

एजन्सीचा प्रश्न यानंतर फार थोडा उरतो. महिना आठ हजार म्हणजे वर्षाला शहाण्णव हजार, तुमच्या गेल्या वर्षाच्या सगळ्या जाहिरात खर्चाच्या पाचपटींहून अधिक. त्या मंडळींना तुमचे गिऱ्हाईक कोण, हे तुम्हालाच विचारावे लागेल, आणि तुम्हाला ते आज सांगता येणार नाही. वर्षभराची वही भरल्यावर, एखादे ठरावीक काम, उदाहरणार्थ चांगले लेबल एकदाच करून घेणे, बाहेर द्यायला हरकत नाही. दळणयंत्र किंवा पॅकिंगचे यंत्र घ्यायचे मनात असेल, तर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत कर्जाशी जोडलेले ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंतचे अनुदान आहे. सध्या अर्ज घेतले जात आहेत का, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. बँकेच्या साहेबांपुढे विक्रीची वही ठेवता आली, तर बोलणे निराळ्या सुरात होते.

आणि यजमान. त्यांचे म्हणणे धुडकावू नका, ते निम्मे बरोबर आहे. माल वाईट असता तर ही सगळी वही शिव्यांनीच भरली असती. परंतु गिऱ्हाईक घर विचारत येते, असे ते म्हणतात, तेव्हा ते कोणाला विचारत आले आणि पुन्हा का आले नाही, हेही कोणीतरी विचारले पाहिजे. त्यांना वाद घालून पटवू नका. त्यांच्याकडे वहीतले एकच काम सोपवा: तालुक्याला जाताना पाठवणीची पार्सले न्यायची आणि परत आल्यावर त्या ओळीपुढे स्वतःच्या हाताने बरोबरची खूण करायची.

वही भरू लागली की तिच्यावर इतरांचा डोळा पडेल. विमावाले, प्लॉटवाले, निवडणुकीच्या दिवसांत कार्यकर्ते «ताई, तुमच्याजवळ नंबर आहेत म्हणे» असे म्हणत येतील. कोणालाही देऊ नका, नात्यातल्या माणसालाही नाही. लोकांनी तो नंबर तुम्हाला हळदीसाठी दिला आहे.

दोन महिन्यांनी पुन्हा लिहा आणि वहीच्या पहिल्या चार पानांचे फोटो पाठवा. नावे आणि फोन यांच्या रकान्यांवर कागदाची पट्टी ठेवूनच काढा, मला फक्त सहावा आणि सातवा रकाना पाहायचा आहे.